एकट्याचा डाव

पत्ते म्हटले की निदान एक तरी भिडू हवा, असा आपला समज. एकट्याने मांडायच्या डावाला इंग्रज ‘पेशन्स’ म्हणतात, म्हणजे धीर. त्यातला ‘क्लोंडाइक’ घ्या. सात रांगा, पहिलीत एक पान, सातवीत सात, मिळून २८. प्रत्येक रांगेतले शेवटचे पान तेवढे उघडे. काळ्यावर लाल, लालवर काळे, उतरत्या क्रमाने लावायचे. रिकाम्या जागी राजाच. वर इस्पिक, बदाम, चौकट, किलवर यांच्या चार चळती एक्क्यापासून चढवायच्या. उरलेली २४ पाने तीन-तीन उलटायची. काही जण एकेक उलटतात. खुशाल उलटा, पण ते आधी ठरवा, अडल्यावर नव्हे!

‘फ्रीसेल’मध्ये बावन्नही पाने उघडी आणि बहुतेक डाव सुटणारे. तिथे नशिबाला बोल लावायची सोय नाही.

१९९० साली क्लोंडाइक विंडोजमध्ये आला. संगणक चुकीचे पान बसूच देत नाही. सोय खरी, पण माझ्या मते खेळातली खरी गंमत तिथेच गेली. खऱ्या पत्त्यांत पंच नाही, भिडू नाही. अडलेली राणी कुठे दडली आहे, हे उलटे पान जरासे उचलून पाहिले तर कोण अडवणार? आमच्या वसतिगृहात हात आवरणारे दोघेच आहेत, आणि त्यांचे डाव क्वचितच सुटतात.