जीप रुसते तेव्हा

घरातले माणूस रुसले तर त्याची समजूत घालता येते. यंत्र रुसले की मात्र पंचाईत होते. का रुसले हे ते स्वतः सांगत नाही, आणि भोवती जमलेल्या दहाही जणांना ते नेमके ठाऊक असते! एक म्हणतो, ‘बॅटरी बसली.’ दुसरा म्हणतो, ‘सेल्फ गेला.’ तिसरा काही न बोलता बाह्या सरसावून धक्का मारायला मागे जातो. आणि दहावा, जो बहुधा नात्यातला असतो, तो शांतपणे म्हणतो, ‘विकून टाका.’

माझ्या मामांच्या जीपच्या बाबतीत प्रकरण या दहाव्या सल्ल्यापर्यंत येऊन ठेपले होते. मामांचे घर कोकणात, तेही डोंगराच्या कुशीत. मोठ्या रस्त्यापासून वाडीपर्यंतची वाट म्हणजे तांबडी माती आणि पायऱ्यांसारखे कातळ. पावसाळ्यात त्या वाटेने चढते ती एकटी मामांची डिझेल जीप. आंब्याच्या पेट्या तिनेच उतरवायच्या, गॅसची टाकी तिनेच चढवायची, आणि रात्री-अपरात्री एखादी बाळंतीण अडली तर तालुक्याच्या दवाखान्यात तिनेच न्यायची. अशी ही जीप गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस एकाएकी मुकी झाली. किल्ली फिरवली की ‘टक’ एवढाच आवाज. पुन्हा फिरवली की पुन्हा ‘टक’.

तालुक्याहून आलेल्या कारागिराने बॅटरी बदलली. जीप दोन दिवस चालली, तिसऱ्या दिवशी ‘टक’. मग त्याने निदान केले, सेल्फ नवा घालावा लागेल. मामांनी खर्च विचारला आणि अंगणातल्या बाकावर बसून राहिले. पंधरा वर्षे उलटलेल्या गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करून घ्यावी लागते, ती मुदतही जवळ आली होती. भंगारवाल्याचा निरोप येऊन गेला होता. मामी एवढेच म्हणाल्या, “गेली तर गेली हो. पण पुढच्या पावसात कुणाला काही झालं तर?”

जीप या जातीच्या गाडीशी आपली ओळख जुनी. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत ती जन्मली, आणि स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत मुंबईत तिची जुळणी होऊ लागली. त्या मूळच्या विलीस जीपला सहा व्होल्टची बॅटरी असे आणि सेल्फचा खटका पायाने दाबायचा असे. त्याच्याही आधीच्या काळात पुढे उभे राहून लोखंडी हँडल मारावे लागे. ते उलट फिरले तर मनगट मोडे. चार्ल्स केटरिंग या अमेरिकन इंजिनियरने त्यावर विजेचा सेल्फ काढला आणि 1912 च्या कॅडिलॅक गाड्यांवर तो प्रथम आला. मनगटे वाचली, पण ‘टक’ची काळजी मागे लागली.

मामांच्या सुदैवाने शेजारच्या वाडीत अण्णा राहतात. एस.टी.च्या कार्यशाळेत उभा जन्म काढून निवृत्त झालेले गृहस्थ. ते आले ते हातात एक मीटर आणि खिशात काचकागद घेऊन. आल्याबरोबर पाना हातात न घेता त्यांनी जीप न्यूट्रल केली, हँडब्रेक ओढला, हेडलाइट लावले आणि मला म्हणाले, “मास्तर, तुम्ही पुढे उभे राहा. मी किल्ली फिरवतो, दिवे काय म्हणतात ते सांगा.”

दिवे पुष्कळ काही म्हणतात, हे मला त्या दिवशी कळले. किल्ली फिरवताच दिवे विझण्याच्या बेताला आले, तर बॅटरी अशक्त आहे, तिच्या टर्मिनलवर पांढरा-हिरवा थर साठला आहे, किंवा सेल्फ जाम झाला आहे. दिवे लख्ख राहिले आणि आवाजच आला नाही, तर किल्लीपासून सोलेनॉइडपर्यंतच्या बारीक वायरीत खंड आहे. सेल्फ घरघरला पण इंजिन हलले नाही, तर सेल्फचे दात इंजिनाला धरत नाहीत. आणि दिवे लख्ख राहून ‘टक’ झाले, तर बारीक प्रवाह पोचतो आहे, पण मोठ्या प्रवाहाच्या वाटेत कोणीतरी आडवे पडले आहे. आमचे दिवे लख्ख होते.

“पण अण्णा, दिवे एवढे लख्ख, हॉर्न खणखणीत, मग वीज कमी कशी?” मी विचारले.

“दिव्याला चार-पाच अँपिअर पुरतात, मास्तर. डिझेलच्या सेल्फला दोनशे-तीनशे लागतात. पायवाटेने माणूस जातो, वरात जात नाही.”

पुढे त्यांनी जो हिशेब सांगितला तो ओहमच्या नियमाचा. म्हणजे 1827 पासून छापील आहे. वाटेत एका ओहमचा अवघा पन्नासावा भाग अडथळा असला, तर दोनशे अँपिअरच्या प्रवाहाचे चार व्होल्ट तिथेच खर्ची पडतात. बारातून चार गेले तर सेल्फने काय करावे? तोच अडथळा दिव्याच्या वाटेत असता तर व्होल्टचा दहावा भागही गेला नसता.

मग मीटर निघाला. बॅटरीच्या दोन टोकांवर 12.6 व्होल्ट, म्हणजे पोट भरलेले. किल्ली फिरवल्यावर 12.1. अण्णा हसले. सेल्फ खरोखर ओढत असता तर बॅटरी याहून पुष्कळ खाली आली असती, दहाच्या आसपास. नंतर त्यांनी मीटरची एक तार बॅटरीच्या ऋण टोकाला आणि दुसरी इंजिनाच्या उघड्या लोखंडाला लावली. इथे किल्ली फिरवताना अर्ध्या व्होल्टच्या आत आकडा हवा. आला सहाच्या वर!

इथे माझ्यातला मराठीचा मास्तर जागा झाला. आपण वाक्यात काही शब्द उच्चारत नाही, पण ते गृहीत धरल्याशिवाय अर्थ लागत नाही. त्यांना अध्याहृत म्हणतात. गाडीत बॅटरीपासून सेल्फपर्यंत जाणारी जाड वायर सर्वांना दिसते. सेल्फपासून बॅटरीपर्यंत परतणारी वाट मात्र अध्याहृत असते. इंजिनाचे लोखंड, चेसिसचे लोखंड, आणि त्या दोघांना जोडणारी एक विणलेली तांब्याची पट्टी. इंजिन रबरावर बसवलेले असते, म्हणून ही पट्टी हवीच. आणि ती खाली, चिखलात, तेलात, खाऱ्या हवेत असते. हे विवेचन मी बायकोला ऐकवले. ती म्हणाली, “अहो, अध्याहृत असू दे, आधी दिसते का बघा.”

ती दिसली. एका टोकाला चारच धागे शिल्लक होते आणि बोल्टखाली गंजाची पुरी पोळी. अण्णांनी इंजिन बंद करायच्या ओढकेबलला हात लावायला सांगितला. ती कोमट होती. थोरली वाट बंद झाल्यावर वीज या नाजूक केबलीतून घरी जायला पाहत होती. बॅटरी बदलताना सगळे हलले आणि ते चार धागे दोन दिवस नीट टेकले, म्हणून जीप दोन दिवस चालली.

खात्रीसाठी अण्णांनी एक जाड केबल बॅटरीच्या ऋण टोकावरून थेट इंजिनाला लावली. किल्ली फिरवली. जीप अशी गरजली की मामींच्या कोंबड्या माडावर चढायच्या बाकी राहिल्या.

वाचकहो, दिवाळीत गावी निघण्यापूर्वी तुम्हीही एवढे करू शकता. बॅटरीजवळ विडी-काडी नको. आधी ऋण टोक सोडावे, जोडताना तेच शेवटी जोडावे. नाहीतर पाना चेसिसला टेकून ठिणगी उडते. टर्मिनलवरचा थर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवावा, कोरडा करावा, काचकागदाने लोखंड चमकवावे, घट्ट आवळावे आणि वरून व्हॅसलीन लावावे. पट्टी दोन्ही टोकांना पाहावी. एवढे करूनही ‘टक’ राहिले, तर मग सेल्फच्या कार्बनवर संशय घ्यावा. नवीन गाड्यांत नाजूक विद्युत-मेंदू असतात, तिथे प्रयोग न करता जाणकाराला बोलवावे, पण त्यालाही विचारावे, “अर्थ पाहिलात का?”

नव्या पट्टीला अडीचशे रुपये पडले. भंगारवाल्याला मामांनी चहा पाजून परत पाठवले. जुनी पट्टी त्यांनी फेकली नाही. ओसरीवर कालनिर्णयशेजारच्या खिळ्याला टांगून ठेवली आहे. येणाऱ्याजाणाऱ्याला ते ती दाखवतात आणि म्हणतात, “एवढ्याशा हिच्यापायी माझी जीप चालली होती हो!”