फुकटच्या मैफलीची किंमत

गेल्या वीकांताला कपाट आवरायला काढलं आणि खालच्या कप्प्यात एक पिशवी सापडली. फेब्रुवारी २०२४ ते जानेवारी २०२५ या वर्षभरात ऐकलेल्या कार्यक्रमांची तिकिटं आणि निमंत्रणपत्रिका. त्या वर्षी ठरवलं होतं की यूट्यूब पुरे झालं, आता समोर बसून ऐकायचं. गाव नांदेड जिल्ह्यातलं, आजोळ लातूरचं, नोकरी पुण्यात. त्यामुळे अर्धं संगीत-वर्ष नांदेड-पनवेल एक्स्प्रेसच्या साइड लोअरवर गेलं म्हणा ना :)

तर, फरशीवर दोन ढीग लावले. एक तिकिटांचा, एक पत्रिकांचा. तिकिटं बहुतेक पुण्या-मुंबईची, पत्रिका बहुतेक आमच्याकडच्या. आणि एक गंमत लक्षात आली. तिकिटावर कलाकाराचं नाव सगळ्यात मोठं असतं. पत्रिकेवर? एका पत्रिकेवर मी मोजली, उद्घाटक, अध्यक्ष, प्रमुख अतिथी, विशेष उपस्थिती आणि विनीत धरून एकूण २३ नावं. गायिकेचं नाव २४वं. तेही चांदवा खाली जागा उरली म्हणून. तबला आणि हार्मोनियमवाले तर नव्हतेच. ते बहुधा आपोआप वाजत असावेत.

त्या संध्याकाळची गोष्ट सांगतो. शहर नांदेड की लातूर, ते विचारू नका. आयोजकाचं नावही घेत नाही, कारण भांडण एका आयोजकाशी नाहीच.

पत्रिकेवर वेळ साडेसहा. मी सव्वासहाला हजर (आयटीवाल्याची खोड). पहिल्या तीन रांगांत पांढरे कव्हर घातलेले सोफे, रिकामे. स्वयंसेवकाला म्हणलं, "काका, सुरू कधी होणार?" तर म्हणे, "पाव्हणे निघालेत, बसा की निवांत." पाव्हणे सव्वासातला आले. मग दीपप्रज्वलन, स्वागतगीत, प्रास्ताविक, सत्कार. शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ, आणि प्रत्येक सत्काराला फोटोसाठी थांबा. मग मनोगतं. एका वक्त्यांनी "मला गाण्यातलं काही कळत नाही" अशी सुरुवात केली आणि पुढची वीस मिनिटं ते सिद्ध केलं. गायिका विंगेत तानपुरे लावून बसलेली. पावणेनऊला ती मंचावर आली, तोवर सोफे पुन्हा रिकामे झाले होते. पाव्हण्यांना दुसरा कार्यक्रम होता.

माझ्या शेजारी चौदा-पंधरा वर्षांचा एक मुलगा होता. तालुक्याच्या गावाहून एकटा एसटीने आलेला. गाणं शिकतो म्हणाला. गुरुजींनी सांगितलं होतं, विलंबित कसं उलगडतं ते नीट बघून ये. वही आणली होती बिचाऱ्याने. शेवटची गाडी साडेनऊची. सव्वानऊला, म्हणजे बंदिश जरा कुठे पसरायला लागली तेव्हा, तो उठला. "दादा, पुढं काय गायल्या ते सांगता का? नंबर देतो." मी हो म्हणलं. काय सांगणार होतो फोनवर? विलंबित?

आता जरा हिशोब मांडू. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे आहेत. उघड्यावर रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद, आणि वर्षातले फार तर पंधरा दिवस बारापर्यंत सूट. बंद सभागृहाला कायद्याने थोडी मोकळीक आहे, पण आपल्याकडे तिथेही दहा वाजले की चाव्या वाजू लागतात. म्हणजे मैफलीचा शेवट ठरलेला आहे. प्रोजेक्टची डेडलाइन हलत नाही तेव्हा काय होतं, हे तुम्हा-आम्हाला शिकवायला नको. सुरुवातीला वाया घालवलेला प्रत्येक मिनिट शेवटून कापला जातो. भाषणं गाण्याच्या 'आधी' होतात हा भ्रम आहे. भाषणं गाण्याच्या 'ऐवजी' होतात! त्या रात्री दहाला पाच कमी असताना आयोजकांची चिठ्ठी गेली आणि बाईंनी हसत हसत भैरवी उरकली.

मग रूट कॉज काय? राजकारणी? नाही हो. त्यांना शिव्या घालणं सोपं आहे. खरं कारण असं की आपण त्या खुर्चीचे पैसे दिलेले नसतात. सभागृहाचं भाडं, कलाकाराची बिदागी, साउंड, जेवण हे सगळं कुणीतरी देतो आणि जो देतो त्याचा तो कार्यक्रम असतो. त्याच्या दृष्टीने सत्कार हाच मुख्य कार्यक्रम, गाणं हे पार्श्वसंगीत. आपण रसिक नाही, आपण गर्दी. कस्टमर तो आहे, आपण नव्हे. फुकट ॲपमध्ये जाहिराती का येतात हे ज्याला कळतं, त्याला हेही कळायला हवं.

अन्याय नको म्हणून हेही सांगतो. मोठा आश्रय नसता तर आमच्या भागात मोठे कलाकार आलेच नसते. नांदेडला शंकरराव चव्हाणांच्या स्मरणार्थ शारदा भवन शिक्षण संस्था संगीत शंकर दरबार भरवते, त्याची वाट बघणारे कितीतरी लोक मी ओळखतो. आणि माती काही नापीक नाही. नाथराव नेरळकर नांदेडचेच. प्रश्न आश्रयदात्याचा नाही, फक्त आश्रयावर जगायच्या आपल्या सवयीचा आहे.

"आपल्याकडे वेळेची शिस्तच नाही," हे वाक्य आता ऐकायला मिळेलच. खोटं आहे! पहाटे सचखंड हुजूर साहिबला जाऊन बसा. गुरू ग्रंथ साहिबमधली बहुतेक बाणी रागांनुसार लावलेली आहे आणि पहाटेची 'आसा दी वार' त्याच नावाच्या रागात गातात. साहेब असो की हमाल, डोकं झाकून सगळे जमिनीवर. सोफा नाही, शाल नाही, मनोगत नाही. जगभरातून लोक येतात आणि आम्ही नांदेडकर समोरून स्कूटरवर जातो.

किंवा आमच्या गावचा हरिनाम सप्ताह घ्या. नऊ म्हणजे नऊला कीर्तन उभं राहतं. पखवाज, टाळकरी, चाली म्हणणारे, सगळं लाइव्ह. खर्च कोण करतं? घरटी वर्गणी. कुणी पैसे, कुणी ज्वारी, कुणी एका दिवसाची पंगत. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, त्या वर्षीही आमचा सप्ताह चुकला नाही. त्यामुळे "दुष्काळी भागात मैफली कसल्या?" हे मला सांगू नका. गुरुद्वारा आणि सप्ताह हे काही 'फुकट' नाहीत. तिथे ऐकणाऱ्यानेच गोलकात किंवा वर्गणीत टाकलेलं असतं. म्हणून तिथे ऐकणाऱ्याचा मान राहतो.

पुण्याचा सवाई हेच सांगतो. भीमसेनजींनी १९५३ मध्ये गुरूंच्या स्मरणार्थ सुरू केलेला महोत्सव. डिसेंबर २०२४ ला मुकुंदनगरला सत्तरावा झाला, तेव्हा झाकीर हुसेन जाऊन तीनच दिवस झाले होते. तिथेही पुरस्कार असतात, प्रायोजकांचे फलक असतात. पण तिकीट काढून भारतीय बैठकीवर बसलेले हजारो लोक समोर असताना भाषण लांबवायची कुणाची छाती होत नाही!

"तिकीट लावलं तर लातुरात कोण येणार?" राव, ज्या शहराने 'लातूर पॅटर्न' काढला, जिथे पोरांच्या क्लासला आईबाप लाखभर रुपये मोजतात, तिथे गाण्याला दोनशे रुपये निघणार नाहीत? निघतील. कुणी मागितले नाहीत, एवढंच. विद्यार्थ्यांना मोफत सोडा, परवडत नाही त्यालाही सोडा. पण बाकीच्यांनी खिशात हात घालायला काय हरकत आहे?

आणि आता आपलं, म्हणजे पुण्यात बसून "आमच्याकडे काहीच होत नाही" म्हणणाऱ्यांचं. सप्टेंबर २०२४ मध्ये कोल्डप्लेच्या तिकिटांसाठी मीही लॅपटॉप, मोबाइल आणि बायकोचा मोबाइल घेऊन रांगेत होतो. जानेवारी २०२५ ला नेरूळच्या स्टेडियममध्ये हातातला पट्टा लखलखवत नाचलो. मजा आली, खोटं कशाला बोलू. कुणी दीपप्रज्वलन केलं नाही, हे विशेष आवडलं :) पण त्या एका तिकिटाच्या, हॉटेलच्या आणि कॅबच्या पैशात आमच्या जिल्ह्यातल्या एखाद्या चांगल्या गायकाची, साथीदारांसकट, एक आख्खी बैठक झाली असती. गावाकडच्या गाण्यासाठी मात्र मी त्या वर्षात एक रुपया दिला नाही. आणि वर हा लेख लिहितोय! म्हणजे त्या पोराची मैफल खाण्यात माझाही वाटा आहेच.

तर प्रस्ताव साधा आहे. नांदेड-लातूरचे आपण चाळीस जण, महिन्याला पाचशे रुपये. म्हणजे महिन्याला वीस हजार. तीन महिन्यांतून एक बैठक, साठ हजारांत. शाळेचा हॉल, सतरंज्या, बेताचं साउंड. संध्याकाळी सहाला सुरू, नऊला संपणार, म्हणजे शेवटची एसटी मिळेल. मंचावर फक्त कलाकार, पत्रिकेवर तबलजीचं नावही. सत्कार करायचाच तर टाळ्यांनी. आमदार साहेबांना आमंत्रण जरूर देऊ, सतरंजीवर.

माझे पाचशे बाजूला काढलेत. त्या पोराचा नंबरही अजून आहे माझ्याकडे. पहिल्या बैठकीला त्यालाच आधी फोन करायचाय.

असो. पिशवी पुन्हा कपाटात ठेवली. पत्रिकांचा ढीग मात्र रद्दीत दिला.