स्पॅनिशचा विस्तार आणि जमिनीचा प्रश्न

स्पॅनिश ही सुमारे पन्नास कोटी लोकांची मातृभाषा असून वीस देशांचा राज्यकारभार तीत चालतो. ही गोष्ट त्या भाषेच्या अंगभूत श्रेष्ठतेचा पुरावा म्हणून पुढे केली जाते. केचुआ, आयमारा, माया या भाषा मागासलेल्या म्हणून मागे पडल्या, असा निष्कर्षही त्यातून काढला जातो. या निष्कर्षाला इतिहासाचा आधार नाही.

केवळ राजसत्तेने भाषा रुजत असती तर फिलिपाईन्स आज स्पॅनिशभाषक असते. तेथे १५६५ पासून १८९८ पर्यंत स्पेनचे राज्य होते. परंतु स्पॅनिश वसाहतवाले मूठभर होते आणि पाद्री स्थानिक भाषांतूनच धर्मप्रचार करीत. बहुजनांच्या तोंडी स्पॅनिश कधी बसलीच नाही. पुढे अमेरिकी सत्तेने शाळा व कचेऱ्या इंग्रजीच्या हवाली केल्या.

मेक्सिकोपासून चिलीपर्यंत मात्र स्पॅनिश वंशाचा जमीनदार वर्ग ठाण मांडून बसला. १७७० मध्ये तिसऱ्या कार्लोसने स्थानिक भाषा नामशेष करण्याचे फर्मान काढले. तरीही एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी साम्राज्य कोसळले, तेव्हा पेरू, बोलिव्हिया व ग्वाटेमाला येथील बहुसंख्य जनता आपापल्याच भाषा बोलत होती. परका राजा गेला, जमीनदार राहिला, आणि त्याच्या प्रजासत्ताकाने राजाचे अपुरे काम तडीस नेले. शाळा, न्यायालय, जमिनीचे दस्तऐवज, सारे स्पॅनिशमध्ये! बोलिव्हियात १९५२ पर्यंत आणि पेरूत १९७९ च्या राज्यघटनेपर्यंत निरक्षरांना मताधिकार नव्हता. आणि साक्षरता म्हणजे व्यवहारात स्पॅनिशची साक्षरता. ज्याची भाषा हिरावली त्याचे मतही हिरावले, असा हा दुहेरी डाव होता.

आदिवासींचा प्रश्न हा मुळात जमिनीचा प्रश्न आहे, हे पेरूचे मार्क्सवादी विचारवंत होसे कार्लोस मारिआतेगी यांनी १९२८ मध्येच मांडले होते. अनुभवाने ते खरे ठरविले. पेरूतील ज्या लष्करी राजवटीने १९६९ मध्ये जमीनदारीवर घाव घातला, तिनेच १९७५ मध्ये केचुआला स्पॅनिशच्या बरोबरीने राजभाषा केले. सुधारणांचा ओघ ओसरताच १९७९ च्या घटनेने तो दर्जा काही प्रदेशांपुरता आकसून टाकला.

मग स्पॅनिश ही शोषकांचीच भाषा म्हणावी काय? मुळीच नाही. क्यूबाची क्रांती याच भाषेत झाली. अमेरिकेने १८४८ मध्ये मेक्सिकोचा जवळजवळ निम्मा मुलूख गिळला. त्याच मुलखातील कॅलिफोर्नियाच्या शेतांत आज स्पॅनिश ही राबणाऱ्यांची भाषा आहे. मार्च २०२५ मध्ये तेथील राष्ट्राध्यक्षांनी आदेश काढून इंग्रजीला एकमेव राजभाषा ठरविले, तेव्हा त्याचा रोख प्रामुख्याने या भाषकांकडेच होता. लिमात जी धन्याची भाषा, तीच कॅलिफोर्नियात मजुराची. मग श्रेष्ठत्व भाषेचे की मालकीचे?

बोलिव्हियाच्या २००९ च्या घटनेत छत्तीस स्थानिक भाषांना मान्यता मिळाली. हे पाऊल स्वागतार्हच आहे. परंतु घटनेत नाव नोंदल्याने भाषा जगत नाही. ती बोलणाऱ्याच्या हाती जमीन, शाळा आणि सत्ता यावी लागते. भाषिक समतेचा लढा या लढ्यापासून तोडला, की त्याचा केवळ समारंभ उरतो.