अश्वपैदास : पद्धतीपेक्षा वंशनोंद निर्णायक

कानोता (जयपूर) : देशी घोड्यांची संख्या झपाट्याने घटत असताना कृत्रिम रेतन आणि भ्रूण प्रत्यारोपण ही तंत्रे राजस्थानातील अश्वपालकांच्या दाराशी येऊन ठेपली आहेत. नैसर्गिक पैदास श्रेष्ठ की साहाय्यित, असा वाद त्यामुळे रंगत असला, तरी देशी वाणांचे भवितव्य त्या निवडीपेक्षा वंशनोंदीच्या काटेकोरपणावर अधिक अवलंबून आहे.

२०१९ च्या पशुगणनेनुसार देशात घोडे आणि तट्टे मिळून सुमारे ३.४ लाख जनावरे उरली. २०१२ च्या तुलनेत ही घट सुमारे ४५ टक्के आहे. त्यांपैकी मारवाडी घोडे ३३ हजारांच्या आसपास आहेत.

या घसरणीमागे गरज संपल्याचा इतिहास आहे. जयपूर-आग्रा रस्त्यावरील कानोता हे जनरल अमरसिंह यांचे घराणे. जोधपूरच्या रिसाल्यातून १९०० साली चीनच्या मोहिमेवर गेलेल्या आणि १८९८ ते १९४२ अशी दीर्घ काळ रोजनिशी लिहिणाऱ्या या पोलोपटूच्या काळात संस्थानी फौजा घोड्यांच्या मोठ्या आश्रयदात्या होत्या. रिसाले गेले, वाहतूक यंत्रांवर गेली. आता लग्नाची वरात, प्रदर्शने, पर्यटन आणि हौस यांवरच देशी घोड्याची मागणी टिकून आहे.

निसर्गाची मर्यादा

घोडी साधारणतः दर २१ दिवसांनी माजावर येते, तेही मुख्यत्वे मोठ्या दिवसांच्या ऋतूत. गर्भकाळ सुमारे अकरा महिन्यांचा असल्याने वर्षाला एक शिंगरू मिळाले, तरी पालक समाधानी असतो. नैसर्गिक पद्धतीत प्रयोगशाळा लागत नाही, खर्च कमी येतो आणि अनुभवी माणसाच्या देखरेखीखाली गर्भधारणेचे प्रमाणही चांगले राहते. मात्र घोडी नराकडे न्यावी लागते. अंगावर पिणाऱ्या शिंगरासह लांबचा प्रवास, लाथ बसून होणारी इजा आणि संसर्ग ही त्याची किंमत असते.

कृत्रिम रेतनात एका वेळच्या वीर्याच्या अनेक मात्रा होतात. थंड ठेवलेले वीर्य साधारणतः एक-दोन दिवस उपयोगी राहते, तर द्रवरूप नत्रात उणे १९६ अंश सेल्सिअस तापमानाला गोठवलेले वर्षानुवर्षे टिकते. पण प्रत्येक नराचे वीर्य गोठवणे सोसतेच असे नाही. शिवाय गोठवलेल्या वीर्यासाठी सोनोग्राफीने बीज सुटण्याची वेळ गाठावी लागते आणि त्यासाठी प्रशिक्षित पशुवैद्यक हाताशी हवा. काही रोग वीर्यातूनही पसरत असल्याने नराची तपासणी टळत नाही.

पुढचा टप्पा भ्रूण प्रत्यारोपणाचा. राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राच्या बिकानेर परिसरात मे २०२३ मध्ये मारवाडी वाणाचे ‘राज-प्रथमा’ हे मादी शिंगरू या तंत्राने जन्मले. रेतनानंतर साडेसात दिवसांनी काढलेला भ्रूण दुसऱ्या घोडीच्या गर्भाशयात सोडण्यात आला होता. जन्मतः शिंगराचे वजन २३ किलो होते. पुढे याच केंद्रात गोठवून ठेवलेल्या भ्रूणापासून ‘राज-हिमानी’ जन्मली. उत्तम घोडीला स्वतः गाभण न राहता वर्षात एकाहून अधिक शिंगरे देता यावीत, हा या तंत्राचा लाभ. अर्जेंटिनातील पोलो घोड्यांच्या पैदाशीत ते रुळले, कारण घोडी मैदानावर खेळत राहते आणि वंशही वाढतो.

धोका कोठे आहे?

तंत्र निवडीचा वेग वाढवते, निवड शहाणी करत नाही. उंची, रंग आणि कानांची कमान पाहून सारे पालक दोन-चार नामांकित नरांच्याच मागे लागले, तर काही पिढ्यांत सारी शिंगरे एकमेकांची सख्खी-सावत्र भावंडे ठरतील. कृत्रिम रेतनाने ही प्रक्रिया अधिक वेगवान होईल.

तथापि नैसर्गिक पद्धतही यातून आपोआप सुटका करत नाही. शर्यतीच्या थरोब्रेड घोड्यांत कृत्रिम रेतनाला जगभर मज्जाव आहे. तरीही लोकप्रिय नर हंगामात शंभर-दीडशेहून अधिक घोड्यांना दाखवले जातात. अमेरिकेच्या जॉकी क्लबने ही संख्या १४० वर रोखण्याचा नियम २०२० मध्ये केला आणि वादानंतर २०२२ मध्ये मागे घेतला. निर्णायक ठरते ती नरांवरील मर्यादा आणि खरी वंशनोंद. थरोब्रेडची वंशनोंद भारतात पुण्यातील संस्था ठेवते. देशी घोड्यांच्या बाजारात मात्र अनेक सौदे अजूनही विक्रेत्याच्या शब्दावरच होतात.

महाराष्ट्रासाठी अर्थ

दत्तजयंतीच्या सुमारास भरणाऱ्या सारंगखेड्याच्या यात्रेत मारवाडी घोड्यांना मोठी मागणी असते. उद्या तेथे गोठवलेल्या वीर्याचे शिंगरू विकायला आले, तर त्याचा बाप कोण हे केवळ पाहून कळणार नाही. केसांच्या मुळांवरून होणारी डीएनए पालकत्व चाचणी हा त्यावरचा साधा उपाय आहे. भीमा खोऱ्यातील भीमथडी तट्टासारख्या मर्यादित वाणासाठी तर गोठवलेले वीर्य व भ्रूण म्हणजे साथरोगाविरुद्धचा विमाच. मात्र तो शक्य तितक्या वेगवेगळ्या वंशांतून साठवला गेला पाहिजे.

केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये राष्ट्रीय पशुधन अभियानात घोडा, गाढव, खेचर व उंट यांचा समावेश केला. उद्योजकतेसाठी ५० टक्के, कमाल ५० लाख रुपयांचे भांडवली अनुदान, तसेच वीर्य केंद्रे आणि मूळ पैदास केंद्रांसाठी १० कोटी रुपयांची तरतूद त्यात आहे. या निधीतून केवळ मात्रा तयार झाल्या, तर शिंगरे वाढतील. प्रत्येक मात्रेसोबत नराची आरोग्य तपासणी, डीएनए नोंद आणि वापराची मर्यादा बंधनकारक झाली, तरच वाण टिकेल. सामान्य पालकाने घराजवळ चांगला व निरोगी नर असल्यास नैसर्गिक पद्धत सोडण्याचे कारण नाही. तो नसेल, किंवा गावातील सारे नर एकाच रक्ताचे असतील, तेथे साहाय्यित पैदाशीचे खरे मोल आहे.