भूत शनिवारवाड्यात, आणि न्यायाधीश आपल्या माहुलीचा

पौर्णिमा जवळ आली की मोबाईलवर तेच रील फिरायला लागतं. अंधारलेला शनिवारवाडा, मागं भेसूर संगीत आणि "काका, मला वाचवा". काल साताऱ्यातल्याच दोन ग्रुपवर आलं, सांगलीच्या पाव्हण्यांनीही पाठवलं. म्हणून जरा स्पष्टच लिहितो.

पहिली गोष्ट, तो खून पौर्णिमेचा नाही आणि रात्रीचाही नाही. ३० ऑगस्ट १७७३, भाद्रपद शुद्ध त्रयोदशी, गणपतीचे दिवस आणि भर दुपार. पगार थकलेले गारदी वाड्यात घुसले. अठरा वर्षांचा नारायणराव पळत चुलत्याकडं गेला, त्याला मिठी मारली, आणि तिथंच त्याला तोडला. हे सगळं उजेडात, माणसांच्या देखत झालं. भुताची गोष्ट सांगितली की हा उजेडच गायब होतो बघा.

दुसरं म्हणजे 'ध' चा 'मा'. 'धरावे'चं 'मारावे' आनंदीबाईनं केलं, ही कथा सगळ्यांना पाठ. ती इंग्रजीत घातली ग्रँट डफनं, जो १८१८ नंतर साताऱ्यातच इंग्रजांचा अधिकारी होता. लोक तसं मानतात, एवढंच त्याचं म्हणणं. पण आपण बाईला कायमची खलनायिका करून टाकलं. आणि राघोबादादा? ज्याच्यासाठी कट झाला, गादी ज्याला मिळाली, तो रीलमध्ये नुसता 'काका' म्हणून उरतो. बरं आहे की!

आता आपल्याकडचं. पेशवाईची वस्त्रं साताऱ्याहून जायची, ती राघोबालाही मिळाली. म्हणजे सत्ता त्याची, फौज त्याची. अशा वेळी चौकशी करून त्याच्या तोंडावर "तुम्ही दोषी, प्रायश्चित्त देहान्ताचं" असं सांगणारा माणूस कोण? रामशास्त्री प्रभुणे. गाव क्षेत्र माहुली, कृष्णा-वेण्णेच्या संगमावरचं, साताऱ्यातून गाडीवर पंधरा-वीस मिनिटं. शास्त्र्यांनी पद सोडलं, पुणं सोडलं आणि वाईकडं येऊन राहिले. पुढं बारभाईंनी राघोबाला हटवलं, त्यात मिरजेचे पटवर्धन होते. सांगली संस्थान त्याच घराण्यातून १८०१ साली वेगळं झालं. म्हणजे सांगलीकरांनो, हा विषय तुमच्याही घरचाच.

कुणी म्हणेल, थोडी गंमत केली तर बिघडलं कुठं? पोरांना भीती वाटते, मजा येते, मान्य. मीही लहानपणी पडक्या वाड्यांजवळून पळत गेलोय. पण वाडा 'झपाटलेला' ठरला की तो पडला तरी कुणाला काही वाटत नाही. साताऱ्याचा जुना राजवाडाच घ्या. तिथं भरणाऱ्या शाळेत ७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमराव आंबेडकरांचं नाव दाखल झालं. राजवाड्यावर रोज बस धरणाऱ्या किती जणांनी मान वर करून ती लाकडं, त्या भिंती बघितल्यात?

शाळांच्या सहली आता निघतील. सातारा-सांगलीच्या मास्तरांना एकच विनंती, पुण्याला जाताना गाडी अर्धा तास माहुलीला वळवा. संगमावर पोरांना बसवा आणि तो निकाल सांगा. मग शनिवारवाड्यात नेऊन विचारा, इथं भ्यायचं कुणाला होतं आणि कोण भ्यालं नाही.