पीकरक्षणासाठी पहिली बंदूक : स्वस्त कोणती ?

भात निसवू लागले की डोळखांबपासून मुरबाडच्या धसईपर्यंत शेतकऱ्याची झोप उडते. सह्याद्रीच्या पायथ्याच्या वरकस जमिनीतील नाचणी-वरी असो की खाचरातील भात असो, रानडुकरांचा कळप एकदा शिरला की चार महिन्यांचे श्रम एका रात्रीत मातीस मिळतात. अशा वेळी ‘एखादी स्वस्तातली बंदूक घ्यावी काय ?’ असा प्रश्न शेतकरी बंधू विचारतात. प्रश्न रास्त आहे. मात्र ‘स्वस्त’ या शब्दाचा अर्थ नीट लावला पाहिजे.

प्रथम रायफलचा विचार सोडून द्यावा. रायफलच्या नळीत आतून पिळदार खाचा असतात. त्यामुळे गोळी दूरवर व नेमकी जाते. आपल्याकडे पाडे विखुरलेले असतात आणि रात्री शेजारच्या शेतातही राखणदार जागत असतो. तेथे दूर जाणारी गोळी हा गुण नसून धोका होय. कायद्याची दृष्टीही हीच आहे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाने खऱ्याखुऱ्या पीकरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा स्पष्ट उल्लेख केला आहे. ती अपुरी पडेल अशी परवाना अधिकाऱ्याची खात्री झाली, तरच गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक मिळू शकते. म्हणून एकनळी, गुळगुळीत नळीची, टोपीवर उडणारी ठासणीची बंदूक हीच पहिल्या खरेदीस योग्य होय. दोन नळ्यांची घेतल्यास किंमत व वजन वाढते. शिवाय घाईत एकाच नळीत दोनदा दारू भरली जाण्याचे भय असते.

खरेदी परवानाधारक विक्रेत्याकडूनच करावी. नळीवर क्रमांक व चाचणीची खूण आहे की नाही, हे पाहावे. बंदूक जुनी असल्यास ती रिकामी असल्याची खात्री करून नळीवरून बोटे फिरवावीत. कोठे फुगवटा लागला अथवा आत गंजाचे खोल खड्डे दिसले, तर ती फुकट मिळाली तरी घेऊ नये. टोपी बसविण्याचे बोंड घट्ट असावे. घोडा अर्ध्यावर चढवून चाप ओढला असता तो पडता कामा नये. दस्त्याला चीर नसावी.

किमतीचा हिशेब करताना परवाना शुल्क, दारू, टोप्या, प्रशिक्षण आणि कुलूपबंद पेटी हेही धरावे. गावठी, विनापरवाना बंदूक थोड्या पैशांत मिळते. पण नळी फुटून हात गेला किंवा कैद झाली, तर तिच्याएवढी महाग वस्तू दुसरी नाही.

या बंदुकीत काळी दारूच वापरावी. काडतुसातील धूरविरहित दारू भरल्यास नळी फुटते. दारू मापाने घालावी. डब्यातून थेट नळीत कधीही ओतू नये. गोळी अथवा छर्रे दारूवर पूर्ण टेकेपर्यंत ठासावेत. मध्ये पोकळी राहणे घातक असते. रिकाम्या व भरलेल्या नळीत गज किती आत जातो, याच्या दोन खुणा गजावर करून ठेवाव्यात. टोपी सर्वांत शेवटी चढवावी. बार उडाला नाही, तर नळी मोकळ्या दिशेला धरून निदान एक मिनिट थांबावे. काळ्या दारूची राख ओल धरते. कोकणच्या दमट हवेत एका रात्रीत गंज चढतो. म्हणून त्याच दिवशी नळी गरम पाण्याने धुऊन, पुसून तेल लावावे.

बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे, हे पक्के ध्यानात ठेवावे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमानुसार पिकाची नासधूस करणारे रानडुक्कर मारावयाचे, तरी अधिकृत वनाधिकाऱ्याची लेखी परवानगी आधी हवी. शहापूर तालुक्यात तानसा अभयारण्य आहे. तेथे परवानगीविना शस्त्र नेणे हाच गुन्हा आहे. २०२५ च्या जानेवारीत पालघर जिल्ह्यातील बोरशेतीच्या जंगलात डुकराच्या शिकारीस गेलेल्यांपैकी एकाने आपल्या सोबत्यालाच सावज समजून गोळी घातली आणि तो प्राणास मुकला. अंधारात हललेल्या झुडपावर नेम धरणाऱ्याने ही घटना आठवावी.

आमचे स्पष्ट मत असे की, राखणीच्या बंदुकीचे खरे काम आवाज करणे हे आहे. गोळीवाचून भरलेल्या दारूचा बार कळप पांगविण्यास बहुधा पुरतो. त्यास काटेरी कुंपण, शेकोटी आणि पाळीपाळीने केलेली सामुदायिक राखण यांची जोड द्यावी. चार शेतकऱ्यांनी राखण एकत्र करावी. बंदूक मात्र ज्याच्या नावे परवाना आहे त्याच्याच हाती राहिली पाहिजे. ती उसनी देता येत नाही.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी परवान्याचा अर्ज भरून देण्यास साहाय्य करावे आणि नुकसान होताच पंचनामा करवून वन विभागाकडे भरपाईचा अर्ज पाठवावा. ही मदत वेळेवर मिळाली, तर पुष्कळ शेतकऱ्यांना बंदूक घेण्याची गरजच भासणार नाही. ज्यांना भासेल, त्यांनी साधी, क्रमांकाची व परवान्याची बंदूक घ्यावी. तीच अखेरीस सर्वांत स्वस्त ठरते.