आवाज गेला म्हणून फॉरमॅट?

मित्रांनो, आपल्या होस्टेलवर सगळ्या आजारांवर एकच औषध चालतं. कॉम्प्युटर स्लो झाला, फॉरमॅट मार! नेट चालेना, फॉरमॅट मार! आणि नवीन ऑडिओ ड्रायव्हर टाकल्यावर आवाजच बंद झाला तर विचारायलाच नको. कुणीतरी सीनियर पेनड्राइव्ह घेऊन हजर होतो. तासाभरात विंडोज नवीन, गाणी चालू, सगळे खूश! पण या इलाजात कुणाचं काय काय जातं, याचा हिशोब आपण ठेवतो का?

गेल्या सेमिस्टरला आमच्या विंगमधल्या एका मित्राच्या लॅपटॉपचा आवाज गेला. लॅपटॉप घरच्यांनी उसाच्या बिलातून घेऊन दिलेला. दुकानात दाखवला, तर उत्तर मिळालं, ‘साउंडची चिप गेली, मदरबोर्ड बदला.’ ते काही परवडणारं नव्हतं, म्हणून मुलांनी फॉरमॅट मारला. आवाज आला, म्हणजे मदरबोर्ड चांगलाच होता! पण डेस्कटॉपवरचा प्रोजेक्ट रिपोर्ट गेला. डेस्कटॉपवरच्या फाइल्स असतात सी ड्राइव्हमध्ये आणि पुसला जातो तोही सी ड्राइव्हच. सबमिशनला चार दिवस उरले होते. आणि आदल्या रात्री त्याने नवीन ड्रायव्हर टाकला होता, हे त्याला कुणी विचारलंच नाही!

आता हा ड्रायव्हर म्हणजे नेमकं काय? मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. घरी इंग्रजी पत्र आलं की आजीला मराठीत सांगायचं काम माझं. ड्रायव्हर तेच करतो. तो दुभाष्या आहे. विंडोजचं म्हणणं तो साउंडच्या चिपला समजावतो. चिप एकाच कंपनीची असली तरी कोणती पिन स्पीकरला आणि कोणती हेडफोनला, हे लॅपटॉप बनवणारा ठरवतो. म्हणून कुठला तरी ‘सगळ्यांना चालणारा’ ड्रायव्हर टाकला तर दुभाष्या चुकीचं सांगू शकतो. मग चिप, स्पीकर, विंडोज सगळं धडधाकट, आणि तरीही शांतता!

आमच्या देवळाली प्रवरात बोअरची मोटर बंद पडली तर कुणी आधी मोटर वर ओढत नाही. आधी लाइट आहे का बघतात, मग फ्यूज, मग स्टार्टर, मग केबल. मोटर बाहेर काढणं सगळ्यात शेवटी, कारण ते कष्टाचं आणि खर्चाचं काम. शाळेत न गेलेल्या माणसालाही हे कळतं. आपण इंजिनीअर होणार आणि पहिल्याच फटक्यात मोटर वर ओढणार?

तर क्रम असा ठेवा. आधी आवाज म्यूट नाही ना बघा. मग आवाज जातोय कुठे ते बघा. बऱ्याचदा ग्राफिक्सचा ड्रायव्हर टाकल्यावर विंडोज आवाज एचडीएमआयकडे, म्हणजे स्पीकर नसलेल्या मॉनिटरकडे पाठवत बसतं. तिथे सगळं बरोबर असेल तर डिव्हाइस मॅनेजर उघडा आणि ऑडिओच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘रोल बॅक ड्रायव्हर’ दाबा. ते बटण पुसट दिसत असेल तर नवीन ड्रायव्हर अनइन्स्टॉल करा, त्याच्या फाइल्स काढण्याच्या चौकटीत टिक करा, रीस्टार्ट करा आणि आपल्याच मॉडेलचा ड्रायव्हर कंपनीच्या साइटवरून घ्या. तरी शंका असेल तर पेनड्राइव्हवरून इन्स्टॉल न करता उबुंटू चालवून बघा. तिथे आवाज आला तर हार्डवेअर ठीक आहे, आणि मदरबोर्डचे पैसे वाचले!

कुणी म्हणेल, एवढी डोकेफोड कशाला, फॉरमॅटने काम होतंच की! होतं, पण बिघाड का झाला ते कळत नाही, म्हणून तो पुन्हा होतो. ऑक्टोबर २०१८ मध्ये खुद्द मायक्रोसॉफ्टच्या अपडेटमधून विंडोज १० च्या काही कॉम्प्युटरवर इंटेलचा चुकीचा ऑडिओ ड्रायव्हर गेला आणि त्यांचा आवाज बंद पडला. त्यांनी काय केलं? लोकांना फॉरमॅट मारायला सांगितलं? नाही! तो ड्रायव्हर काढून टाकणारं दुसरं अपडेट दिलं. जे शेवटी बदललं तेच आधी मागे घ्यायचं, एवढं साधं सूत्र.

सर आणि मॅडम, तुम्हालाही एक विनंती. ऑपरेटिंग सिस्टिमची थिअरी आम्ही पाठ करतो, पण बिघाड शोधण्याचं एक तरी प्रॅक्टिकल ठेवा. मुद्दाम चुकीचा ड्रायव्हर टाकलेला पीसी द्या आणि कारण शोधणाऱ्याला मार्क द्या. आणि होस्टेलच्या प्रत्येक विंगमध्ये एक वही असू द्या. कुणी काय टाकलं, कधी टाकलं, काय बंद पडलं, कशाने सुरू झालं. वर्षभरात ती वही कुठल्याही गाइडपेक्षा जास्त कामाची होईल.

तेव्हा मित्रांनो, पुढच्या वेळी कुणी पेनड्राइव्ह घेऊन आला तर त्याला दारातच एक प्रश्न विचारा, ‘काल काय बदललं होतं?’ उत्तर मिळेपर्यंत पेनड्राइव्ह त्याच्या खिशातच राहू द्या!